देशाचं नाव असलेल्या टॅलेंट शोमध्ये परदेशी स्पर्धक : असावेत की नसावेत?

उंबरठा

शोच्या नावातच देशाचं नाव आहे. त्यात दुसऱ्या देशाच्या कलाकाराने उतरावं का? पाहुणा म्हणून एखादा कार्यक्रम करून जाण्याला कुणाची हरकत नसावी. मी स्पर्धक म्हणून विचारतोय. मतं, बक्षीस, अंतिम फेरी, सगळ्यासकट.

'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' २०१३ साली 'अॅट्रॅक्शन' या हंगेरियन सावली-नाट्याच्या गटाने जिंकलं. दुसरा आला जॅक कॅरल. चौदा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी असलेला आणि स्वतःवरच विनोद करत स्टँड-अप करणारा ब्रिटिश मुलगा. बक्षीस अडीच लाख पौंड, शिवाय राजघराण्यासमोरच्या 'रॉयल व्हरायटी परफॉर्मन्स'मध्ये जागा. पुढे २०२३ मध्ये तोच शो व्हिगो व्हेन या नॉर्वेजियन विनोदवीराने जिंकला. अमेरिकेत, म्हणजे 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये, तर रांगच लागलीय. २०१५ ला ब्रिटिश शब्दभ्रमकार पॉल झर्डिन, २०२२ ला लेबनॉनचा 'मायास' हा नृत्यगट, २०२३ ला इटलीहून आलेला एड्रियन स्टोइका आणि त्याचं कुत्रं हरिकेन. बक्षीस दहा लाख डॉलर.

माझं मत सरळ आहे. नको. अंतिम फेरीत मोजक्या जागा असतात. बाहेरच्या प्रत्येक गटामागे इथला एकजण घरी जातो, आणि त्या पोराला दुसरं व्यासपीठ मिळेलच असं नाही. ज्याला स्वतःच्या देशाचा शो आहे त्याने तिथे लढावं.

तुमचं काय मत?

तबकडी

२०१९ मध्ये मुंबईच्या 'द किंग्ज'नी अमेरिकेत जाऊन 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकलं, तेही दहा लाख डॉलरचं, तेव्हा 'अरेरे, एका अमेरिकन पोराची जागा गेली' असा धागा काढला होतात का? :)

आणि त्याच वर्षी 'व्ही. अनबीटेबल' हे मुंबईचंच कसरती नृत्यपथक 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये चौथं आलं. त्यांचं पथक हवेत उडायला लागलं की सगळा देश छाती फुगवून व्हिडिओ पुढे ढकलत होता. माझ्या फोनवर तर एकच व्हिडिओ सगळ्या ग्रुपांतून येऊन गेला. आपले तिकडे गेले की अभिमान आणि तिकडचे कुठे गेले की घुसखोरी, हा न्याय काही पटत नाही.

उंबरठा

@तबकडी, 'वर्ल्ड ऑफ डान्स'च्या नावातच 'वर्ल्ड' आहे हो. तिथे परीक्षक गुण देतात, देशाने मत द्यायचा प्रश्नच नाही. माझा आक्षेप देशाच्या नावाने चालणाऱ्या आणि त्या देशाच्या प्रेक्षकांनी मत द्यायच्या शोपुरता आहे.

'व्ही. अनबीटेबल'चं म्हणाल तर हो, मीही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणं आणि नियम योग्य आहे म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी.

रानवारा

मतदानाचा मुद्दा काढलातच तर तो उलट बाजूने बघा. 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'ला मत अमेरिकेतूनच द्यावं लागतं. म्हणजे परदेशी गटाचे आईवडील, गाव, शाळा, कुणीच त्यांना मत देऊ शकत नाही. स्थानिक पोराचा अख्खा जिल्हा फोन घेऊन बसलेला असतो. घरच्या मैदानाचा फायदा कुणाला?

'व्ही. अनबीटेबल'चंच घ्या. २०१९ ला जनतेच्या मतांत चौथे. २०२० च्या सुरुवातीला त्याच शोची 'द चॅम्पियन्स' आवृत्ती झाली, त्यात मत सर्वसाधारण प्रेक्षकांचं नव्हतं, वेगवेगळ्या राज्यांतून निवडलेल्या 'सुपरफॅन्स'चं होतं. तिथे तेच पहिले. पोरं तीच. शर्टावर अपघातात गेलेल्या त्याच मित्राचं नाव, विकास. मत देणारे बदलले आणि निकाल बदलला.

आणि स्पर्धक देशातलेच असले म्हणजे मतं कलेवर पडतात हाही गोड गैरसमज आहे. 'इंडियन आयडॉल' २००७ आठवतंय? दार्जिलिंगचा प्रशांत तमांग विरुद्ध शिलाँगचा अमित पॉल. दोघेही भारतीयच. पण डोंगरातल्या गावागावांत एसएमएससाठी वर्गण्या निघाल्या होत्या, मतं माणसाला नव्हे, ओळखीला पडत होती. तमांग जिंकल्यावर एका रेडिओ निवेदकाच्या टोमण्यावरून सिलिगुडीत दंगल झाली. तिथे परदेशी कोण होतं?

चकवाचांदण

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. परदेशी स्पर्धकांच्या इतिहासात लेलुशला तोड नाही. २०२१ साली चीनच्या 'चुआंग' या बॉयबँड घडवणाऱ्या शोमध्ये हा रशियन तरुण दुभाषा म्हणून गेला होता. दिसायला देखणा, म्हणून निर्मात्यांनी त्यालाच स्पर्धक केलं. कराराच्या कागदावर सही होऊन बसली होती, मधूनच निघून जाता येईना. मग हा जाणूनबुजून मरगळलेला नाचायचा, मुलाखतीत 'कृपा करून मला मत देऊ नका' म्हणून विनवायचा. प्रेक्षकांनी त्याला हौसेने थेट अंतिम फेरीपर्यंत नेलं! अंतिम फेरीत बाद झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

त्याने कुणा होतकरू चिनी मुलाची जागा खाल्ली असेल तर ती प्रेक्षकांनी खाऊ घातली.

गुंडाभाऊ

लेलुश आमचा आदर्श. ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात मी दरवर्षी याच भावनेने नाचतो.

पडद्यामागची

मी काही वर्षं एका गाण्याच्या शोच्या निवड-टीममध्ये होते. नाव सांगत नाही, करार अजून अंगावर येतो. त्यामुळे थोडं आतलं लिहिते.

पहिली गोष्ट. खुल्या ऑडिशनच्या लांबच लांब रांगा दाखवतात त्या खऱ्या असतात, पण पडद्यावर पोचणारे सगळे त्या रांगेतून आलेले नसतात. टीममध्ये माणसं असतात ज्यांचं कामच व्हिडिओ बघत बसणं आणि आवडलेल्याला फोन करून 'या' म्हणणं हे असतं. हे गुपित नाही, मोठ्या शोंनी उघडपणे मान्य केलंय. तुम्हाला अचानक उगवलेला वाटतो तो परदेशी गट बहुतेकदा बोलावलेला असतो. म्हणजे तो कुणाच्या घरात घुसत नाही, घरमालकच आमंत्रण देतो. रागवायचं तर घरमालकावर रागवा.

दुसरी, आमंत्रण का देतात. 'गॉट टॅलेंट'ची आवृत्ती पन्नासहून जास्त देशांत निघाली आहे, पण आता एकेका देशाच्या आवृत्तीचा प्रेक्षकही त्या देशापुरता उरलेला नाही. क्लिप इंटरनेटवर जाते आणि जगभर बघितली जाते. युगांडाची 'घेटो किड्स' ही मुलं २०२३ मध्ये ब्रिटनच्या शोमध्ये नाचली, परीक्षक ब्रुनो टोनिओलीने नाच संपायच्या आतच गोल्डन बझर (थेट पुढच्या फेरीत पाठवणारं बटण) दाबला, ती क्लिप कुठे कुठे गेली असेल विचार करा. त्या प्रेक्षकाला मत देता येत नाही, पण जाहिरात तर दिसते. आणि या क्लिपला भाषा लागत नाही. म्हणून नीट बघा, बाहेरून येणारे बहुतेक नर्तक, कसरतवाले, जादूगार, सावलीवाले. विनोदवीर आलाच तर व्हिगो व्हेनसारखा, ज्याचा सगळा विनोद पिवळ्या चमकत्या जॅकेटांवर. शब्दांवर जगणारा कलाकार सीमा ओलांडताना अडखळतो.

तिसरी, नियम सगळीकडे सारखे नाहीत आणि त्यामागे कारणं आहेत. 'अमेरिकन आयडॉल'ला नागरिक, कायमचा रहिवासी किंवा तिथे काम करायचा परवाना असलेलाच लागतो. 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'ला तशी अट नाही. गायकाच्या शोमध्ये विजेत्याला पुढे त्याच बाजारात अल्बम काढून, दौरे करून पैसे परत मिळवून द्यायचे असतात. तो परवान्याविना परतला तर कंपनीचं घोडं अडलं. कसरतीच्या गटाकडून कंपनीला हंगामभर खिळवून ठेवणारे प्रयोग मिळाले तरी पुष्कळ झालं.

आणि त्या दहा लाख डॉलरबद्दल फार हळहळू नका. ते ४० वर्षांच्या हप्त्यांनी मिळतात. एकरकमी हवे असतील तर आजच्या मूल्याने, म्हणजे बरेच कमी. वर कर. मग 'मायास'सारख्या तीसेक जणींच्या गटात वाटा.

उंबरठा

@पडद्यामागची, माहितीपूर्ण प्रतिसाद, आभार. पण तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत! शो जगभरच्या क्लिपसाठी परदेशी गट बोलावतो आणि रांगेतल्या पोराला सांगतो की ही स्पर्धा तुझ्यासाठी आहे. ही फसवणूक नाही का?

पडद्यामागची

आहे की. मी कुठे नाही म्हटलं? पण रांगेतल्या पोराची फसवणूक परदेशी गटामुळे सुरू होत नाही. त्याच्या पुढ्यात त्याच शहरातला, आधी तीन शो करून आलेला गायक 'आज पहिल्यांदाच माइक हातात धरतोय' असा चेहरा करून उभा असतो, तेव्हाच ती सुरू झालेली असते.

सांजवात

आपल्याकडे हा प्रश्न 'परदेशी' म्हणून विचारलाच जात नाही, 'पाकिस्तानी' म्हणून विचारला जातो. ते बोलूया का?

'सारेगमप चॅलेंज' २००७ मध्ये पाकिस्तानचा अमानत अली तिसरा आला. पहिला अनीक धर, दुसरा राजा हसन. त्या वेळी घराघरांत अमानतचे चाहते होते, मी एक. त्याआधी लाफ्टर चॅलेंजच्या दुसऱ्या पर्वात कराचीचा रौफ लाला जिंकून गेला, आणि आम्ही पोट धरून हसलो. २०१० मध्ये 'छोटे उस्ताद'ने दोन्ही देशांच्या मुलांच्या जोड्या लावल्या. नंतर २०१२ ला 'सुरक्षेत्र'. तिथे थेट भारत विरुद्ध पाकिस्तान असा संघ-सामनाच होता. राज ठाकरे यांनी जाहीर विरोध केला, परीक्षक आशा भोसले यांनी 'अतिथी देवो भव' म्हणून उत्तर दिलं, आणि शेवटी जिंकला पाकिस्तानचा नबील शौकत अली.

२०१६ च्या उरी हल्ल्यानंतर दार बंद झालं ते झालंच. त्याची कारणं या धाग्यात उगाळायची नाहीत. पण तेव्हाच्या वादात 'आमच्या मुलांच्या जागा जातात' हा सूर मी फारसा ऐकला नाही. वाद होता तो त्या देशाशी कसं वागायचं याचा. उद्या एखादा श्रीलंकन किंवा नेपाळी गायक आला तर त्याच्यावर कोण मोर्चा काढणार आहे? म्हणजे तत्त्व वगैरे नंतर सुचतं, आधी पासपोर्टवरचं नाव वाचलं जातं.

हरकाम्या_८२

झालं, पाकिस्तान आलं. आता धागा शंभरी गाठणार.

सांजवात

@हरकाम्या_८२, गाठू दे. मुद्द्यावर काही असेल तर लिहा.

हरकाम्या_८२

मुद्द्यावर लिहितो. 'सुरक्षेत्र' ही वेगळी जात आहे. तिथे दोन संघ दोन देशांचे हे आधीच ठरलेलं, जाहीर केलेलं. क्रिकेट सामन्यासारखं. त्यात फसवणूक नाही. आवडत नसेल तर बघू नका, विरोध करायचा तर राजकीय म्हणून करा. धागाकर्त्याचा प्रश्न एका देशाच्या शोमध्ये शिरलेल्या बाहेरच्या माणसाचा आहे. अमानत अली त्यात बसतो, नबील नाही बसत.

खुर्चीत_बसून

चीनचं उदाहरण कुणीच कसं घेतलं नाही? (लेलुश सोडून.)

हुनान वाहिनीचा 'सिंगर' हा नावाजलेल्या गायकांचा सामना. २०१७ ला कझाकस्तानचा दिमाश तिथे दुसरा आला आणि त्यातून जगभर पोचला. २०१८ ला ब्रिटनची जेसी जे जिंकली. खरा स्फोट झाला २०२४ ला. त्या वर्षी शो थेट प्रक्षेपित केला, सूर-दुरुस्तीची सोय नाही, पुन्हा रेकॉर्डिंग नाही. पहिल्याच भागात अमेरिकेची शॉन्टे मूर आणि मोरोक्कन-कॅनेडियन फौजिया वरचढ ठरल्या आणि चिनी दिग्गज ना यिंग यांचीही दमछाक दिसली. मग चिनी समाजमाध्यमांवर जो गदारोळ! 'देशाची लाज राखायला अमुक तमुक गायिकेला पाठवा' अशा याचना सुरू झाल्या. अखेर विजेतेपद ना यिंग यांनीच घेतलं, ते वेगळं.

पण मधल्या काळात एक चांगलं झालं. लोक स्वतःच्या संगीतव्यवसायाला विचारायला लागले की इतकी वर्षं आम्ही जे थेट गाणं म्हणून ऐकत होतो ते कितपत थेट होतं? हा प्रश्न घरच्या घरात कुणी विचारला नसता. घरची मंडळी एकमेकांची झाकून घेतात. म्हणून माझं मत, येऊ द्या परदेशी. जागा अडवली तरी चालेल, आरसा तर मिळतो.

उंबरठा

@खुर्चीत_बसून, तिथे दोन्हीकडचे व्यावसायिक होते. दिग्गजाविरुद्ध दिग्गज, त्यात कुणाचं काही बुडत नाही. चौदा वर्षांच्या जॅकसमोर जगभर प्रयोग करणारा गट उभा करायचा आणि 'आरसा मिळतो' म्हणायचं, हे जरा कठोर नाही?

रानवारा

जॅकचं वाईट वाटतं, पण 'अॅट्रॅक्शन'ने अंतिम फेरीत काय केलं ते पण बघा. ब्रिटनच्या इतिहासाचीच सावल्यांत आरती ओवाळली, चर्चिलसकट! हंगेरियन माणसं, आणि पडद्यावर चर्चिलची आकृती. मला ते बघताना जरा कसंतरीच झालं. सादरीकरण अप्रतिम, पण परक्या घरी जिंकायचं तर यजमानाचे पोवाडे गावे लागतात हे दिसलंच. ही किंमत स्थानिक स्पर्धकाला मोजावी लागत नाही. जॅक हवं तर सगळ्या ब्रिटनची टर उडवू शकत होता, हंगेरियन गटाला ते परवडलं असतं का?

तबकडी

'यजमानाचे पोवाडे' +१. हा कोन माझ्या डोक्यात आला नव्हता.

अजून एक. 'परदेशी' म्हणजे नेमका कोण? २०१३ ला 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' जिंकणारा केनिची एबिना जपानी, पण कित्येक वर्षं अमेरिकेतच राहून नाचत होता. तिथलं भाडं, तिथला कर. त्याला आणि विमानातून उतरून ऑडिशन देऊन परत जाणाऱ्या गटाला एकाच खान्यात टाकणार का? युरोव्हिजनने, म्हणजे युरोपातल्या देशादेशांच्या गाण्याच्या स्पर्धेने, तर ही कटकटच ठेवली नाही. गायक त्या देशाचाच हवा अशी अट नाही, त्या त्या देशाने ठरवायचं. १९८८ ला स्वित्झर्लंडसाठी जिंकली ती सेलीन डिऑन, कॅनडाची! ब्रिटनपेक्षा एका गुणाने पुढे. स्विस लोकांनी आजवर तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

हरकाम्या_८२

स्विस लोक जिंकल्यावर कशाला तक्रार करतील?

पडद्यामागची

उंबरठा म्हणतात त्यातला 'व्यावसायिक विरुद्ध नवखा' हा भाग मला पटतो, 'परदेशी विरुद्ध देशी' हा नाही, आणि धाग्यात दोन्ही एकत्र कालवले जाताहेत. 'मायास' २०१९ चा 'अरब्ज गॉट टॅलेंट' जिंकून अमेरिकेत आला होता. पॉल झर्डिनने १९९६ मध्येच ब्रिटनमध्ये टीव्हीवरची प्रतिभास्पर्धा जिंकली होती आणि नंतर वर्षानुवर्षं पोटापाण्याला शब्दभ्रमच केला. हे दोघे नवखे नव्हते, मान्य.

पण २०२५ ची विजेती बघा. जेसिका सांचेझ. अमेरिकन, तिथेच जन्मलेली. २००६ मध्ये याच शोच्या पहिल्या पर्वात लहान मुलगी म्हणून आलेली, २०१२ मध्ये 'अमेरिकन आयडॉल'ची उपविजेती. रांगेतल्या पोराच्या दृष्टीने ती आणि 'मायास' यांत फरक काय? दोघीही त्याच्यापेक्षा दहा पायऱ्या वर उभ्या. उलट लेबनॉनच्या मुलींच्या मागे कोसळलेली अर्थव्यवस्था होती, आणि बाईने नाचाला व्यवसाय म्हणणं अजूनही सगळ्यांच्या पचनी न पडलेला समाज होता. पासपोर्टची चाळणी लावलीत तर जेसिका आरामात खाली उतरते आणि केनिची अडकतो. तुम्हाला जे थांबवायचंय ते थांबतच नाही.

सांजवात

सहमत. आणि 'ज्याला स्वतःच्या देशाचा शो आहे त्याने तिथे लढावं' हे मूळ लेखातलं वाक्य. ज्याच्या देशात असा शोच नाही त्याचं काय? 'घेटो किड्स'ने कुठे लढायचं?

उंबरठा

बरं, मग नियम असा लिहूया. जगात कुठल्याही देशात टीव्हीवरची राष्ट्रीय स्पर्धा आधी जिंकलेल्याला प्रवेश नाही, मग तो देशी असो की परदेशी. बोलावून आणलेल्या प्रत्येक स्पर्धकाच्या नावाखाली पडद्यावर 'निमंत्रित' अशी पट्टी. आणि अंतिम फेरीतल्या निम्म्याहून जास्त जागा त्या देशात राहणाऱ्यांना. नागरिकांना नाही, राहणाऱ्यांना, म्हणजे केनिची आत. या शेवटच्या अटीवर मी ठाम आहे, तेवढं देशाच्या नावाचं देणं लागतो शो.

रानवारा

म्हणजे 'मायास' बाद?

उंबरठा

बाद. झर्डिनही बाद. 'घेटो किड्स' आत.

पडद्यामागची

जेसिका सांचेझ?

उंबरठा

ती उपविजेती होती. आत.

पडद्यामागची

:D आमच्या टीमने पहिल्याच दिवशी सगळ्या देशांच्या उपविजेत्यांची यादी काढायला घेतली असती. 'निमंत्रित' पट्टीला मात्र माझं मत. ती कुठलीही वाहिनी मान्य करणार नाही, कारण पट्टी नसलेले किती कमी उरतात ते दिसेल.

गुंडाभाऊ

लेलुशला 'अनिच्छेने' अशी पट्टी हवी.